पंखा आणि गिअरचं तेल: जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही मुंबईत थंड ठेवायची तर

मे महिन्यातली दुपार. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर दीड तास आम्ही इंच इंच सरकत होतो. एसी चालू, मागे आई आणि मुलगी. तापमानाचा काटा रोजच्यासारखा मधोमध. असं असूनही एका क्षणी पाय दाबला तर इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबला, तेव्हा मागून कुणी ढकलल्यासारखा झटका बसला आणि गाडी पुढे गेली. घरी पोहोचेपर्यंत हे चार वेळा झालं.

गॅरेजमध्ये गाडी दाखवली. पाच मिनिटांत निकाल मिळाला: गिअरबॉक्स गेला, उतरवून खोलावा लागेल. २००७ची डिझेल ऑटोमॅटिक गाडी, सव्वा लाख किलोमीटर झालेली. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली.

आमच्या इमारतीत एक काका राहतात. बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. ते खाली आले, बॉनेट उघडायला लावलं, गाडी वीस मिनिटं चालू ठेवली आणि नुसते ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, हिचा पंखा बोलतच नाहीये. गिअरबॉक्सचं नंतर बघू."

पंखा आणि गिअरबॉक्सचं तेल ही दोन वेगळी कामं आहेत असं तोवर मला वाटायचं. ऑटोमॅटिक गाडीत ते एकच काम आहे. जुनी एसयूव्ही नुकतीच हाती आलेल्यांसाठी मी शिकलो ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

उष्णता कुठून कुठे जाते

इंजिनाची उष्णता कूलंट उचलतो आणि रेडिएटरमध्ये आणून सोडतो. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि तिथून हा फेरा सुरू होतो. गाडी ६०-७०च्या वेगात असेल तर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, पंख्याला फारसं काम उरत नाही. पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी सात वाजता वारा कुठून येणार? तिथे सगळा भार एकट्या पंख्यावर.

आता गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाकडची पाती तेल भिरकावतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरकडची पाती फिरतात. गाडी सरकत-थांबत चालते तेव्हा दोन्हीकडच्या फिरण्यात मोठा फरक पडतो. तो फरक वाया जातो, म्हणजेच तेल तापवण्यात खर्ची पडतो. हे तापलेलं तेल दोन नळ्यांनी पुढे येतं आणि बहुतेक जुन्या एसयूव्हींमध्ये रेडिएटरच्याच एका टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरून परत जातं.

म्हणजे गिअरच्या तेलाला थंड करणारा कूलंट स्वतःच गरम असेल, तर तेल थंड होणार कसं? पंखा थोडा ढिला पडला की इंजिन कसंबसं तग धरतं, पण गिअरचं तेल शिजत राहतं. आणि काटा हे सांगत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये तो मुद्दामच असा बसवलेला असतो की साधारण ८० ते १०० अंशांच्या पट्ट्यात मधोमधच राहतो, चालकाला उगाच धास्ती नको म्हणून. काटा हलला तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मेकॅनिक मंडळींचा एक ठोकताळा आहे: तेलाचं तापमान नेहमीपेक्षा १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. हिशोब अगदी काटेकोर नसेल, पण दिशा बरोबर आहे.

तुमचा पंखा कोणत्या जातीचा

बॉनेट उघडा, इंजिन बंद आणि थंड असताना. पंखा इंजिनाच्या तोंडाशी बसवलेला असेल, पट्ट्याने फिरत असेल आणि त्याच्या मधोमध नारळाच्या करवंटीएवढा, पन्हाळ्या पाडलेला ॲल्युमिनियमचा डबा असेल, तर तो फॅन क्लचवाला पंखा. गॅरेजमध्ये याला विस्कस म्हणतात. इंजिन लांबीने बसवलेल्या, मागची चाकं ओढणाऱ्या बहुतेक जुन्या एसयूव्हींमध्ये हाच असतो. पंखा रेडिएटरलाच चिकटून, मागे मोटर आणि वायर असेल, तर तो विजेचा. काही गाड्यांत दोन्ही असतात: मागे विस्कस आणि पुढे एसीसाठी विजेचा.

विस्कसची करामत समजून घेतली की तपासणी सोपी होते. त्या डब्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. डब्याच्या तोंडावर दोन धातूंची एक छोटी गुंडाळी किंवा पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती वाकते आणि आतली झडप उघडते. सिलिकॉन तेल दोन चकत्यांमधल्या खाचांत शिरतं आणि चकत्या एकमेकींना ओढू लागतात. मग पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरतो. हवा थंड झाली की तेल परत जातं आणि पंखा सैल पडतो. हा पंखा कूलंट ओळखत नाही, समोरून येणारी हवा ओळखतो, हे ध्यानात ठेवा. थोड्या वेळाने त्याचा उपयोग होईल.

तपासणी अशी करा:

१. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, किल्ली खिशात ठेवून पंखा हाताने फिरवा. मधात चमचा फिरवल्यासारखा जड पण एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. जोरात भिरकावला तर अर्धा-एक फेरा फिरून तो थांबावा. माझा पाच फेरे फिरला. तीन-चार फेऱ्यांच्या वर गेला तर क्लच गेला असं समजा. अजिबात फिरला नाही, अडकूनच बसला, तर तोही गेलाच.

२. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. टोकाशी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर नीट बघा की हलतंय काय. डबा हलत असेल तर क्लचचं बेअरिंग. त्याच्यामागचा दांडाच हलत असेल तर वॉटर पंपाचं बेअरिंग, आणि मग तेही काम सोबतच करून टाका.

३. डब्यावर मधून बाहेरच्या दिशेने गेलेल्या काळ्या चिकट रेघा दिसतात का? सिलिकॉन तेल गळतंय. त्यावर धूळ चिकटून त्या रेघा होतात. नुसतं पुसून काही होत नाही.

४. आता गाडी सुरू करा. पहिल्या मिनिटभरात घूंऽऽ असा मोठा आवाज येऊन तो शांत झाला तर उत्तम. रात्रभरात तेल खाचांत उतरलेलं असतं, ते परत जायला तेवढा वेळ लागतो.

५. गाडी वीस-पंचवीस मिनिटं एसी लावून उभ्यानेच चालू ठेवा. कुणाला तरी दर दोन मिनिटांनी १५०० ते २००० आरपीएमपर्यंत हलका पाय दाबायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून ऐका. एका टप्प्यावर पंख्याचा आवाज स्पष्ट वाढला पाहिजे आणि इंजिनाच्या मागे, फेंडरच्या फटीतून येणारा गरम झोत जोरदार झाला पाहिजे. "पंखा बोलतो" तो हा आवाज. दुपारच्या उन्हात, एसी चालू असताना तो कधीच आला नाही तर पंखा कामचुकार आहे. उलट थंड गाडीतही हा आवाज कायम राहिला, तर क्लच जाम झालाय. मग गाडी तापत नाही, पण ओढ कमी होते आणि डिझेल जास्त जातं.

फिरत्या पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून तो थांबतो का बघायची एक पद्धत काही गॅरेजांत चालते. ती करू नका. जुन्या प्लास्टिकच्या पात्याला मुळाशी बारीक तडा असतो, तो तिथेच सुटतो आणि सुटलेलं पातं बॉनेट फोडून बाहेर येऊ शकतं. पात्यांच्या मुळाशी टॉर्च मारून तडे शोधायची सवय लावा. ओढणी, लांब बाही, गळ्यातली चेन, काहीही लोंबतं अंगावर नको.

क्लच बदलायचा झाला तर काही गाड्यांत चार छोटे नट असतात, काहींत मधोमध एकच मोठा नट. त्या मोठ्या नटाचे आटे काही गाड्यांत उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी मॅन्युअलमध्ये खात्री करा. पंखा आणि रेडिएटर यांच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा, म्हणजे पाना निसटला तरी जाळी फुटत नाही. नवा क्लच घरी आणून आडवा ठेवू नका, गाडीत बसतो तसा उभा ठेवा, नाहीतर तेल बेअरिंगकडे उतरतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, मीही तिथून दाराची हँडलं आणि आरसे आणलेत. पण फॅन क्लच जुना घेऊ नये. त्यातलं तेल किती उरलंय हे बाहेरून कळत नाही.

विजेचा पंखा असेल तर

हा पंखा किल्ली बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

गाडी सुरू करून एसी लावला की काही सेकंदांत पंखा फिरलाच पाहिजे. एसी बंद ठेवून गाडी तापू दिली, तर कूलंट साधारण ९२ ते ९८ अंशांच्या आसपास आल्यावर तो आपोआप लागावा आणि काही अंश उतरल्यावर थांबावा. दोन पंखे असतील तर दोन्ही बघा. एक बंद असला तरी हिवाळ्यात काही कळत नाही, एप्रिलमध्ये कळतं.

फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याचा विजेवर चालणारा स्विच. रिले तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच आकाराचा आणि त्याच पायांचा हॉर्नचा रिले तिथे लावून बघणं. मग मोटरचा प्लग सोडवून बघा. समुद्राच्या हवेने मुंबईत प्लगच्या पिना हिरव्या पडतात, आणि हिरवी पडलेली पिन तापून प्लग वितळवते. ते ठीक असेल तर फ्यूज लावलेल्या जाड वायरने मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली नाही, पण पान्याच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर फिरली, तर ब्रश झिजलेत. अशी मोटर दोन दिवस चालते आणि भर पुलावर दगा देते, तेव्हा ती बदलूनच टाका. पंखा फक्त जोराच्याच वेगावर चालत असेल तर हळू वेगाचा रेझिस्टर जळालेला असतो. फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

जाळ्यांमधला गाळ

विस्कस गरम हवा ओळखतो हे वर सांगितलं. रेडिएटरच बुजलेला असेल तर त्यातून हवाच येत नाही, मग नवाकोरा क्लचही जागा होत नाही. माझ्या गाडीत हेच दुहेरी दुखणं होतं.

पुढून बघितलं की पहिल्यांदा दिसते ती एसीच्या कंडेन्सरची जाळी. तिच्या मागे, बोटभर फटीनंतर, रेडिएटर. कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून सगळं स्वच्छ आहे असं वाटतं. काकांनी वरचे दोन बोल्ट सोडवून रेडिएटर थोडा मागे कलवला आणि फटीत टॉर्च धरला. आत राखाडी नमद्यासारखा एक थर होता: रस्त्याची धूळ, गुलमोहराची बारीक पानं, कुत्र्याचे केस, माशा आणि एका वेफर्सच्या पाकिटाचा अर्धा तुकडा. हाताने सोलून काढला तेव्हा तो चटईसारखा अखंड निघाला. मेट्रोची आणि इमारतींची बांधकामं ज्या भागात चालू आहेत तिथल्या गाड्यांत सिमेंटची धूळही असते. ती पावसात भिजली की दगडच होते.

धुवायचं ते इंजिन थंड असताना, पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेने, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. बागेच्या पाइपाचा साधा झोत पुरतो. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने पन्हाळ्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची अडते. आधी भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी फवारून दहा मिनिटं ठेवा. आम्हाला पाऊण तास लागला, आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं नुसतं काळं पाणी येत होतं.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, जागेवर आहे ना तेही बघा. जुन्या गाड्यांत कुणीतरी कधीतरी ते काढून ठेवलेलं असतं. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढत नाही, आजूबाजूचीच घुसळत बसतो.

कूलंटबद्दल थोडक्यात: डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचं. रंगावरून ओळखू नका, दोन प्रकार मिसळू नका. इमारतीच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी कधीच नाही, त्यातले क्षार आतून जाळी बुजवतात. गरम गाडीत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो म्हणूनच ते पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण उघडताच ते एकदम उकळून तोंडावर येतं.

गिअरचं तेल बघायला शिका

काही गाड्यांत इंजिनाच्या डिपस्टिकशिवाय (तेल मोजायची काडी) आणखी एक डिपस्टिक असते, मागे, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ, म्हणजे फायरवॉलजवळ. ती गिअरबॉक्सची. पद्धत अशी:

गाडी निदान वीस मिनिटं चालवून आणा. सपाट जागेवर उभी करा. आमच्या इमारतीच्या स्टिल्टला नाल्याकडे उतार आहे, तिथे माप चुकतं, म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी करतो. हँडब्रेक लावा, ब्रेकवर पाय ठेवा आणि लिव्हर पी, आर, एन, डी अशा प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवून परत पी वर आणा. इंजिन चालूच ठेवून काडी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. 'हॉट' लिहिलेल्या दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. पुसायला जुनी बनियन किंवा टॉवेल नको. त्याचा एक धागा आत गेला तरी झडपेत अडकतो.

पण ही रीत सगळ्यांची नाही. होंडाच्या जुन्या गाड्यांत गाडी गरम करून इंजिन बंद करतात आणि साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत बघतात. काही गाड्यांत लिव्हर एन वर ठेवून बघायचं असतं. आणि बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे खालून एक प्लग उघडून, तेल ठरावीक तापमानाला असताना, जादाचं तेल थेंबथेंब पडेपर्यंत भरतात. हे काम तेलाचं तापमान मोजता येणाऱ्या गॅरेजकडेच द्या.

काडीवरचं तेल पांढऱ्या टिश्यूवर टिपा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. ताजं तेल बहुधा लाल असतं आणि डाग एकसारखा पसरतो. विटकरी-तपकिरी झालं असेल तर वय झालंय, बदला. काळं, डागाच्या मधोमध बारीक कण बसलेले आणि करपलेल्या फोडणीसारखा वास येत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्या जळू लागल्यात. माझं तपकिरीच्या पुढे आणि काळ्याच्या अलीकडे होतं, वास होता, कण नव्हते. म्हणून गिअरबॉक्स न खोलता नुसतं तेल बदलून बघायची जोखीम मी घेतली.

तेल गुलाबी आणि दुधासारखं दिसलं तर गाडी त्याच क्षणी बंद करा, गॅरेजला टोईंगने न्या. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट तेलात शिरलाय. पाणी आणि ग्लायकॉल चकत्यांवरचं घर्षणाचं अस्तर सोडवतात. जुन्या रेडिएटरला हा धोका असतोच. मी रेडिएटर बदलला तेव्हा गिअरच्या तेलासाठी पुढे वेगळा छोटा कूलरही लावून घेतला. जुन्या ऑटोमॅटिकवर यापेक्षा चांगला खर्च मला सुचत नाही.

तेल कुठलं

जे मॅन्युअलमध्ये किंवा डिपस्टिकवर छापलंय तेच. डेक्सरॉन ३ या प्रकारचं तेल मागणाऱ्या गिअरबॉक्सची गरज वेगळी, टोयोटाच्या टी-४ची वेगळी आणि डब्ल्यूएसची वेगळी. मित्सुबिशी एसपी-३ मागते. होंडाची झेड-१ आता डीडब्ल्यू-१ने बदलली गेलीय. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, असेल तर तिचं तेल पूर्णच निराळं. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं काउंटरवर कुणी सांगितलं तर डब्यावर तुमच्या प्रकाराचं नाव छापलंय का ते वाचा. नसेल तर परत द्या. सील बघून घ्या आणि बिल घ्या.

तेल बदलताना

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. जॅक स्टँड दोन्ही बाजूंना, टेकवलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. वीट लावू नका, ती फुटते. गाडी सपाट नसेल तर माप चुकतं, त्यामुळे चारही बाजूंनी उचलता येत नसेल तर सरळ लिफ्टवाल्या गॅरेजात जा आणि शेजारी उभं राहून करून घ्या. मी तसंच केलं.

तेल कोमट हवं, उकळतं नको. आधी भरायची जागा मोकळी होते का ते बघा, मगच खालचा बोल्ट सोडवा. खाली करून ठेवलं आणि भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं तेल मापाच्या बाटल्यांत ओता आणि आकडा लिहून ठेवा. जेवढं निघालं तेवढंच आत जाईल. माझं साडेतीन लिटर निघालं.

गिअरबॉक्सच्या पोटात एकूण तेल साधारण आठ-नऊ लिटर असतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत बसलेलं असतं, बोल्ट काढून ते येत नाही. म्हणून एकदा बदलून जेमतेम ४० टक्के तेल नवं होतं. दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा तेवढंच बदललं की ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८ टक्क्यांच्या आसपास. मी तीन वेळा बदललं. मशीन लावून सगळं एका झटक्यात धुऊन काढायची सोय मिळते, पण वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या गिअरबॉक्सला ती मी देणार नाही. आत बसलेला गाळ दाबाने सुटून झडपांच्या बारीक वाटांत जातो. सावकाश, टप्प्याटप्प्याने केलेलं जुन्या गाडीला मानवतं.

पहिल्याच खेपेला चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, खोला. कडेचे बोल्ट सोडवताना एक कोपरा शेवटपर्यंत धरून ठेवा, नाहीतर राहिलेलं लिटरभर तेल अंगावर येतं. चेंबरच्या तळाला छोटी लोहचुंबकं असतात. त्यांच्यावर काजळासारखा मऊ राखाडी लेप असेल तर घाबरू नका, ती इतक्या वर्षांची झीज आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण किंवा चकचकीत धातूच्या चिपा आल्या, तर आत काहीतरी तुटतंय आणि तेल बदलून ते जुळणार नाही. माझ्या चुंबकांवर लेपच होता. तो पुसताना माझा जीव भांड्यात पडला.

फिल्टर आणि गॅस्केट नवं घाला. जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पत्र्याने चर पडतात. चेंबरचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, हलक्या हाताने आवळा. ते लहान असतात, ॲल्युमिनियममध्ये बसतात आणि जास्त जोर लावला की आटे जातात. मॅन्युअलमध्ये सांगितलेला आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, पाळा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा.

मोजून तेल भरा, लिव्हर सगळ्या जागी फिरवा, गाडी गरम करा, पुन्हा माप बघा. कमी पडलं तर शंभर-शंभर मिली घाला. जास्त झालेलं तेल फेसाळतं आणि फेसाला दाब धरता येत नाही, म्हणजे पुन्हा तोच झटका. यानंतर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिकला मी दर ४०,००० किलोमीटर किंवा तीन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, तेल बदलतो. "आयुष्यभर बदलायची गरज नाही" हे वाक्य जुन्या गाडीसाठी विसरा.

मॅन्युअल गिअरची एसयूव्ही असेल तर काम बरंच सोपं आहे. तेल बाजूच्या भरायच्या भोकाच्या काठापर्यंत भरायचं, बोटाचं पहिलं पेर आत वाकवून लागलं पाहिजे. पण ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं तेल सांगितलंय त्यात जीएल-५ घालू नका, त्यातली रसायनं गिअर सहज जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियल यांचंही तेल त्याच दिवशी बघून घ्या.

ट्रॅफिक, घाट आणि पाऊस

घाटातल्या चढावर गाड्या थांबल्या की ब्रेक दाबून थांबा. डी मध्ये ठेवून पायाने रेस देत गाडी जागेवर तोलून धरणं म्हणजे कन्व्हर्टरला भट्टी बनवणं. कसाऱ्याला किंवा खंडाळ्याला चढताना ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा किंवा एक गिअर खाली ठेवा. सिग्नलला एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर एन. गाडी तापतेय असं वाटलं तर कडेला घ्या, एसी बंद करा, पी मध्ये ठेवून १२०० ते १५०० आरपीएमवर पाच मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप काम करत राहतात. वाफ दिसली किंवा काटा लाल रेघेत गेला तर मात्र लगेच बंद.

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी साचलेलं असताना गाडी घालू नका. फिरत्या विस्कस पंख्याची पाती पाण्यात पुढे वाकतात आणि रेडिएटर कापतात. शिवाय तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्याच्या हवेच्या नळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, पाणी आत ओढलं जातं. पाण्यातून जावंच लागलं असेल तर दुसऱ्या दिवशी काडी काढून रंग बघा.

निघालेलं तेल आणि कूलंट गटारात ओतू नका. तेल बंद डब्यात भरून, जुनं तेल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे सोपवा. कूलंटची तर त्याहून काळजी घ्या. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आवारातली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. सांडलं तर लगेच वाळू टाकून उचला आणि जागा भरपूर पाण्याने धुवा.

माझी गाडी त्या मे महिन्यानंतर तीन उन्हाळे चाललीय. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना थंड असताना एक हलका धक्का अजून बसतो, तो गेला नाही. घोडबंदरला ते इंजिनाचं नुसतंच ओरडणं पुन्हा झालेलं नाही.

काम झाल्याच्या रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुढचं टोक कुठलं ते त्यावर पेनाने लिहा. सकाळी ओढून बघा. पुढच्या कडेला रंगीत पाणचट डाग असेल तर रेडिएटर किंवा नळी, मधोमध लाल तेलकट डाग असेल तर चेंबरचं गॅस्केट किंवा ड्रेन बोल्ट, उजवी-डावीकडे नुसतं स्वच्छ पाणी असेल तर तो एसीचा निचरा. दोन दिवसांनी, शंभरेक किलोमीटर झाल्यावर, पुठ्ठा पुन्हा पसरा आणि काडीही पुन्हा एकदा काढून बघा.